काहिलीतली कमळं

फाटकातून आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला काहील होती. बिडाची, माणूस आडवा मावेल एवढी रुंद, काठाला गंजून तांबूस झालेली. तिच्यात पाणी भरलं होतं आणि पाण्यावर कमळं तरंगत होती.

भाचीचं लग्न ठरलं होतं. अमेरिकेत ह्यूस्टनमधले हॉल तिला आवडेनात, म्हणून तिने शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या दोन-तीन जागा इंटरनेटवरून निवडल्या होत्या. बहीण, मेव्हणे, भाची आणि मी असे पाचेक तास गाडी चालवून मिसिसिपी नदीच्या काठी पोचलो. पांढऱ्या खांबांची जुनी हवेली, समोर ओकच्या झाडांची दुतर्फा रांग. नोव्हेंबर महिना होता. मागच्या शेतांत ऊसतोडणी चालू होती आणि हवेत कारखान्याचा तो ओळखीचा गोडसर, आंबूस वास होता.

"मामा, ही कुंडी बघ ना, कसली मस्त आहे!" भाची म्हणाली.

"कुंडी नाही गं. काहील आहे ती. उसाचा रस आटवायची."

जागा दाखवणाऱ्या बाई मोठ्या अगत्याच्या होत्या. या भागात अशा काहिली घराघरांतून, हॉटेलांतून ठेवलेल्या दिसतात, कुणी कारंजं करतं, कुणी कमळं लावतं, असं त्यांनी सांगितलं.

माझं लहानपण कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांवर गेलं. चुलवणावर चढवलेली काहील, फसफसणारा रस, वर येणारी मळी झाऱ्याने काढणारा गुळव्या आणि खालून चिपाडं ढकलणारा जाळव्या. आम्हा पोरांना काकवी मिळायची, पण काहिलीपासून चार हात लांब उभं राहून. उकळतं पाणी अंगावर उडालं तर ओघळून जातं. उकळता पाक कातडीला धरून बसतो आणि पुसायला जावं तर कातडीसकट निघतो. आमच्या गुळव्याच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत असा एक गुळगुळीत पांढुरका पट्टा होता. पण तो माणूस हंगाम संपला की मजुरी घेऊन आपल्या गावी जायचा. भाची ज्या काहिलीसमोर फोटोसाठी उभी राहिली होती, तिच्यासमोर कधीकाळी राबलेल्या माणसाला मजुरी नव्हती, जायला दुसरं गाव नव्हतं आणि त्याचं पोर उद्या कुणाला विकलं जाईल हे त्याच्या हातात नव्हतं.

गुलामांच्या कष्टांवर उभ्या राहिलेल्या अशा हवेल्या जपाव्यात का, पाहायला जावं का, तिथे लग्नं लावावीत का, यावर अमेरिकेत गेली काही वर्षं मोठा वाद चालू आहे. तिथे राहणारी आणि फिरायला जाणारी मराठी माणसंही आता या वादात आहेत, कारण तिकीट काढणारे आणि हॉल बुक करणारे आपणही आहोत. माझं मत आधीच सांगून टाकतो. जपाव्यात, पाहायला जावं, लग्नं लावू नयेत. आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो तिथे राबवलेल्या माणसांच्या नावांचा.

त्या हवेल्या कशावर उभ्या राहिल्या हे कळायला साखरेचा हिशेब समजून घ्यावा लागतो. १७९५ मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ एत्येन द बोरे या मळेवाल्याने दाणेदार साखर किफायतशीरपणे काढून दाखवली आणि नदीकाठच्या मळ्यांवर ऊस पसरला. पण लुइझियाना उसाचा खरा मुलूख नव्हे. हिवाळ्यात तिथे दहिवर पडतं, आणि गोठलेला ऊस वाया जातो. आपल्याकडे गळीत हंगाम लांबला तर चालून जातं. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्याच दिवसांत सगळा फड तोडून, गाळून, आटवून व्हायला हवा. म्हणून रात्रंदिवस पाळ्या. चार-पाच काहिली एका रांगेत, मोठीकडून लहानीकडे, आणि उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतत न्यायचा. रात्री, अर्धवट झोपेत. चरकात हात जाणं, कोयता पायावर बसणं, पाकाने भाजणं, हे सगळं त्या तीन महिन्यांत ठरलेलं. अमेरिकेच्या दक्षिणेत इतरत्र गुलामांची संख्या जन्मांमुळे वाढत होती. या ऊसपट्ट्यात मात्र जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते, आणि मेलेल्यांची जागा बाजारातून भरली जायची. तो बाजार जवळच होता. न्यू ऑर्लिन्स ही त्या देशातली माणसं विकण्याची सगळ्यात मोठी पेठ होती. १८६० च्या जनगणनेत लुइझियानाच्या सात लाख लोकसंख्येपैकी ३,३१,७२६ माणसं कुणाच्या तरी मालकीची म्हणून मोजली गेली.

आम्हाला हवेली आतून दाखवली गेली. चांदीचे चमचे, फ्रान्सहून आणलेलं घड्याळ, मच्छरदाणीचा पलंग. जेवणाच्या टेबलावर छताला एक मोठी लाकडी फळी टांगलेली होती, तिला दोरी. "याला पंका म्हणतात," वाटाड्या मुलगी म्हणाली. आपलाच पंखा. इंग्रजांबरोबर हा शब्द आपल्याकडून तिथवर पोचला. मेजवानी चालू असताना पानांवर माशा बसू नयेत म्हणून कोपऱ्यात एक मुलगा दोरी ओढत उभा असायचा. "किती वर्षांचा?" बहिणीने विचारलं. "आठ-दहा असेल." "नाव काय त्याचं?" हा प्रश्न त्या मुलीला आजवर कुणी विचारला नसावा. ती गोंधळली, मग म्हणाली की नोकरांची नावं फारशी ठेवलेली नसत.

या एका वाक्यात दोन चुका आहेत. नोकर म्हणजे पगार घेणारा आणि नोकरी सोडू शकणारा. आणि नावं ठेवलेली होती. मालमत्तेच्या याद्यांत, विक्रीखतांत, बाप्तिस्म्याच्या वह्यांत, गहाणखतांत. काहील किती, खेचरं किती, आणि त्यांच्याच खाली माणसं: नाव, वय, हुन्नर, किंमत. माणसाला माल ठरवायचं तर त्याची नोंद चोख ठेवावीच लागते. ग्वेंडोलिन मिडलो हॉल या इतिहासकार बाईंनी १९८४ पासून पंधराएक वर्षं लुइझियानाच्या कचेऱ्यांत बसून फ्रेंच, स्पॅनिश आणि इंग्रजी दस्तऐवज वाचले आणि एक लाखाहून जास्त माणसांची नोंद करून ठेवली. म्हणजे नावं शोधली तर सापडतात.

ती शोधलेली नावं दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांनी पाहिली. न्यू ऑर्लिन्सपासून तासाभराच्या अंतरावर वॉलेस या वस्तीत व्हिटनी प्लँटेशन आहे. आम्ब्रोझ हायडेल नावाच्या जर्मन माणसाने १७५२ मध्ये हा मळा सुरू केला. अलीकडच्या काळात तो फॉर्मोसा प्लास्टिक्स या कंपनीने कारखान्यासाठी घेतला होता. लोकांचा विरोध झाला, कारखाना झाला नाही, आणि न्यू ऑर्लिन्सच्या जॉन कमिंग्ज या वकिलाने जागा विकत घेऊन स्वतःचे लाखो डॉलर ओतून तिथे संग्रहालय उभं केलं. डिसेंबर २०१४ मध्ये ते उघडलं. संशोधनाची बाजू इब्राहिमा सेक या सेनेगलच्या इतिहासकाराने सांभाळली. ज्या किनाऱ्यावरून माणसं पकडून आणली, तिथल्याच माणसाने.

व्हिटनीतही हवेली आहे, पण लक्ष तिच्याकडे आधी जात नाही. आवारात एक लाकडी चर्च आहे. मुक्त झालेल्या लोकांनी ते १८७० च्या सुमारास बांधलं, आणि त्यांच्या मंडळाचं मूळ नाव 'अँटी-योक' होतं, म्हणजे जोखड नको. आत मातीच्या रंगाची लहान मुलांची शिल्पं बाकांवर बसलेली, जमिनीवर उभी राहिलेली. १९३० च्या दशकात सरकारी उपक्रमात ज्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या, ते सगळे गुलामगिरीत लहान मुलं होते. म्हणून शिल्पं मुलांची. भाची आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

नंतर भिंती. याच मळ्यावर राबवलेल्या साडेतीनशेहून जास्त माणसांची नावं एका भिंतीवर. ग्वेंडोलिन हॉल यांनी गोळा केलेली १,०७,००० नावं दुसरीकडे, काळ्या दगडावर, ओळीमागून ओळ. आडनाव जवळजवळ कुणालाच नाही. आणि एका कोपऱ्यात, काळ्या देवदूत बाईच्या हातात तान्हं मूल असलेल्या पुतळ्याभोवती, त्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या भागात, दगावलेल्या २,२०० मुलांची नावं. बहीण तिथे खाली बसली. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती. ती एकेक नाव वाचत होती.

आता 'जळू द्या, पाडून टाका' म्हणणाऱ्यांबद्दल. १५ मे २०२५ ला याच नदीकाठची नॉटवे ही हवेली जळून गेली. १८५९ मध्ये बांधलेली, ५३,००० चौरस फुटांची, दक्षिणेत उरलेल्या अशा हवेल्यांतली सगळ्यात मोठी. मालक जॉन हॅम्पडन रँडॉल्फ याच्याकडे १५५ माणसं गुलाम होती. अलीकडे तिथे हॉटेल होतं, लग्नं व्हायची. आग लागल्याचे व्हिडिओ पसरले तेव्हा अनेक काळ्या अमेरिकनांनी उघड आनंद व्यक्त केला. त्यांना नावं ठेवायचा मला काडीचाही अधिकार नाही. ज्यांच्या पणजोबांच्या पाठीवर तो डोलारा उभा होता, त्यांना तो कोसळताना काय वाटावं हे मी कोण ठरवणार?

तरीही मला ती हवेली राहायला हवी होती. कारण ती पुरावा होती. विटा कुणी भाजल्या, एवढ्या खांबांचा खर्च कुठून निघाला, मागच्या खोल्या किती बुटक्या, हे डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकातला आकडा अंगावर येतो. पुरावा जळाल्याने अन्याय करणाऱ्याचं काही जात नाही. विसरायला उत्सुक असलेल्यांना हवेली नसणं जास्त सोयीचं आहे. २७ मार्च २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढून सरकारी संग्रहालयांत आणि राष्ट्रीय उद्यानांत देशाला कमीपणा आणणारा इतिहास मांडू नये अशा अर्थाची दिशा दिली. अशा दिवसांत वीट आणि लाकूड जागेवर असणं मला जास्तच महत्त्वाचं वाटतं.

'काळच तसा होता' हे दुसरं वाक्य. ते मी आपल्याही माणसांच्या तोंडून ऐकलं, त्याच दिवशी, मेव्हण्यांच्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी त्यांना विचारलं, काळ म्हणजे कोण? त्या काळात फक्त मालक राहत होते का? ज्यांना साखळ्या घातल्या ती माणसंही त्याच काळातली होती, आणि त्यांना ते मान्य नव्हतं. ८ जानेवारी १८११ च्या रात्री याच नदीकाठी मॅन्युएल आंद्रीच्या मळ्यावर चार्ल्स डेलाँडच्या पुढाकाराने उठाव झाला. शेकडो माणसं कोयते घेऊन न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने निघाली. दोन-तीन दिवसांत त्यांना चिरडलं, आणि मारलेल्यांची मुंडकी बांबूंवर रोवून नदीकाठाने लावली. ज्यांना ही व्यवस्था स्वाभाविक वाटत होती, त्यांना मुंडकी टांगायची गरज पडली नसती.

आंद्रीची ती हवेली, वुडलँड, आजही उभी आहे. जानेवारी २०२४ मध्ये जॉय आणि जो बॅनर या जुळ्या बहिणींच्या 'डिसेंडंट्स प्रोजेक्ट' या संस्थेने ती विकत घेतली. त्या दोघी याच भागातल्या गुलाम केलेल्या लोकांच्या वंशज. याच बहिणींनी वॉलेसमध्ये येऊ घातलेल्या धान्याच्या प्रचंड गोदामाविरुद्ध लढा दिला आणि २०२४ मध्ये कंपनीने माघार घेतली. नदीकाठच्या त्या पट्ट्यात जुन्या मळ्यांच्या जमिनींवर रसायनांचे कारखाने उभे आहेत आणि धूर खाणारी घरं बहुतेक त्याच माणसांच्या नातवंडा-पतवंडांची आहेत. लोक त्या पट्ट्याला 'कॅन्सर अ‍ॅली' म्हणतात. गुलामगिरीचा वारसा म्हणजे काय, हे तिथल्या एका रस्त्यावरून गाडी नेली की दिसतं.

मुक्तीचाही हिशेब नीट पाहायला हवा. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात लिंकनने काढलेला १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा आपण शाळेत शिकतो. त्यात लुइझियानाचे तेरा पॅरिश नावानिशी वगळले होते, कारण जाहीरनामा फक्त बंडखोर दक्षिणेपुरता होता आणि तो भाग आधीच उत्तरेच्या फौजेच्या ताब्यात होता. व्हिटनी ज्या सेंट जॉन पॅरिशमध्ये येतं, तोही त्यातलाच. आणि त्याच्या आदल्या वर्षी वॉशिंग्टन शहरातली गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा माणसामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली ती मालकांना.

'हे सगळं खरं, पण आपला काय संबंध?' असं विचारणाऱ्या मराठी वाचकाला मी जोतीराव फुल्यांकडे घेऊन जाईन. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल. माझ्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या मुक्तीसाठी हाच कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा होती. पुण्यात बसून हा माणूस हजारो मैलांवरच्या युद्धाचा अर्थ आपल्या दारात लावत होता. त्याच वर्षी, १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने मुक्त झालेल्या काळ्या माणसांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही मारलं. पुढे तिथे जी सरकारी पाटी लागली, तिच्यावर 'दंगल' असा शब्द होता. ती २०२१ मध्ये उतरली. जोतीरावांनी कौतुक केलं ते चूक नव्हतं. अमेरिकेनेच त्या कौतुकाला जागायचं सोडलं होतं.

जोतीरावांची रीत मात्र आजही धरण्यासारखी आहे: दूरचं पाहायचं आणि आपल्या घराकडे वळायचं. आपणही वाडे पाहायला जातो. कोरीव खांब, महिरपी, हौद, कारंजी. पेशवे दप्तरातल्या कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. बाजारात किंमत ठरवून घेतलेल्या, दळण-कांडण, शेणगोठा, कोठीची कामं करणाऱ्या या बायका होत्या. कंपनी सरकारने १८४३ मध्ये कायदा करून गुलामीला कोर्टाचा आधार काढून घेतला. अमेरिकेतल्या मळ्यावरचं सगळं आपल्याकडेही जसंच्या तसं होतं असं मी म्हणत नाही; दोन्ही व्यवस्था वेगळ्या होत्या. पण वाड्याच्या माहितीफलकावर एखाद्या कुणबिणीचं नाव मी अजून वाचलेलं नाही, आणि व्हिटनी पाहून आल्यापासून ते मला खुपतं.

आणखी एक नाव सांगायचं राहिलं. माझे वडील सहकारी साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे पाक आटवण्याच्या भांड्यांवरचे कामगार होते. उसाचा रस घट्ट करायला तिथे भांड्यांची एक माळ असते. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. दाब कमी कमी ठेवल्याने रस कमी उष्णतेवर उकळतो, करपत नाही, इंधन वाचतं. ही युक्ती नॉर्बर्ट रिल्यू याची. १८०६ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेला, गोऱ्या बापाचा आणि मिश्रवर्णी आईचा मुलगा, जन्माने स्वतंत्र पण त्या समाजात कधीच बरोबरीचा नसलेला. १८४३ मध्ये त्याने पेटंट घेतलं. उघड्या काहिलींच्या रांगेतून पळीने रस ओतण्याचा तो जीवघेणा प्रकार त्याच्या यंत्रामुळे हटू लागला, पण मळ्यांवरची गुलामगिरी हटली नाही. त्याला युद्ध लागलं. रिल्यू स्वतः अपमानाला कंटाळून पॅरिसला निघून गेला आणि तिथेच वारला. वडिलांनी आयुष्यभर त्याच्या युक्तीवर काम केलं आणि त्याचं नाव त्यांच्या कानावर कधी पडलं नाही. फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं.

जवळच्याच ओक अ‍ॅली मळ्यावर अँटवान नावाच्या गुलाम माळ्याने १८४६-४७ च्या हिवाळ्यात पिकॅनच्या, म्हणजे अक्रोडासारखं फळ देणाऱ्या झाडांवर यशस्वी कलमं बांधली. पुढे ती जात 'सेंटेनियल' म्हणून नावाजली, अँटवानच्या नावाने नाही. तिथे आता गुलामांच्या वस्तीचं प्रदर्शन आहे, अँटवानची गोष्ट सांगितली जाते, हे चांगलं झालं.

राहिला लग्नाचा प्रश्न. हवेल्या चालवायला पैसा लागतो आणि लग्नांमधून तो येतो, हा मुद्दा खोटा नाही. पण लग्नासाठी जागा द्यायची तर तिला सुंदर ठेवावं लागतं, आणि या जागा फक्त सुंदर ठेवायच्या तर त्यांच्याबद्दल खोटं बोलावं लागतं. गुलामांच्या खोल्या गेस्ट हाउस होतात, काहील कुंडी होते. २०१९ मध्ये द नॉट आणि पिंटरेस्ट या लग्नाच्या आणि चित्रांच्या वेबसाइटांनी अशा लग्नांचे गोडवे गाणारं साहित्य कमी करायचं ठरवलं. आणि आपल्याला तर हे दुसऱ्याने सांगायला नको. ज्या जागी नवरा-बायकोची ताटातूट करून त्यांना वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकलं, ज्यांच्या लग्नाला कायद्याने किंमतच नव्हती, तिथे आपण अंतरपाट धरायचा? मंगलाष्टकांत शुभ म्हणतो तो शब्द त्या जमिनीवर मला उच्चारता आला नसता.

ह्यूस्टनला परतल्यावर भाचीने त्या पहिल्या हवेलीला ईमेल पाठवला. इथे किती माणसं गुलाम म्हणून ठेवली होती, त्यांची नावं कुठे पाहायला मिळतील, आणि पाहुण्यांना राहायला देता त्या मागच्या खोल्या आधी कुणाच्या होत्या, असे तीन प्रश्न. दोन दिवसांनी नम्र उत्तर आलं. त्यात शनिवार-रविवारचे दर होते आणि खोल्या पूर्ण नव्याने बांधून वातानुकूलित केल्या आहेत असं लिहिलं होतं.

लग्न ह्यूस्टनच्या देवळाच्या हॉलमध्ये झालं. जागा का बदलली असं दोन्हीकडच्या मंडळींनी विचारलं, आणि भाचीने प्रत्येकाला, हळदीच्या हातांनी, त्या काहिलीबद्दल पहिल्यापासून सांगितलं.